बीपी सावरलं, तरी किडनी का बसली? सेप्सिसमध्ये किडनीच्या पेशींत काय घडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६२ वर्षांची, मधुमेह जुना. लघवीचं इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि ब्लड कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू वाढला. आयसीयूत अँटिबायोटिक, सलाईन आणि बीपीसाठी नॉरअ‍ॅड्रेनलिन सुरू झालं. काही तासांत बीपी सावरलं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नीट दिसल्या, कुठे अडथळा नव्हता, डॉपलरमध्ये रक्तप्रवाहही होता. तरी तिसऱ्या दिवशी लघवी जवळपास थांबली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा स्नायूंमधला कचरा, रक्तात ०.९ वरून ४.२ वर गेलं. रक्त पोचत होतं, मग किडनी का बसली? आणि डॉक्टर ‘पेशींना मार बसलाय’ म्हणतात, म्हणजे पेशी मेल्या का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरच्यांच्या जिवाला घोर त्याचाच असतो. बहुतेक पेशी मेलेल्या नसतात. त्या आजारी असतात, त्यांची ऊर्जा आटलेली असते आणि त्यांनी आपलं रोजचं काम बंद केलेलं असतं. काही थोड्या खरोखर मरतात. पण लघवी थांबण्यामागे मेलेल्या पेशींपेक्षा या कामबंद जिवंत पेशींचा वाटा फार मोठा असतो. हे एकदा ध्यानात आलं की पुढची उपचारांची दिशाही उलगडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. जंतू किडनीत शिरून तिला कुरतडतात, असं बहुतेक वेळा होत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत इन्फेक्शन लघवीच्या मार्गातूनच आलं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण न्यूमोनियातून, पोटातल्या पूमधून किंवा पायाच्या जखमेतून सेप्सिस झाला तरी किडनी अशीच बसते, तेही किडनीत एकही जंतू नसताना. नुकसान करतात ते जंतूंचे रक्तात फिरणारे तुकडे आणि त्यांना आपल्याच शरीराने दिलेला बेबंद प्रतिसाद. २०१६ पासून सेप्सिसची व्याख्याही हीच आहे: इन्फेक्शनला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं.

आमच्या पिढीला शिकवलं गेलं ते सरळसोट होतं. बीपी पडतं, किडनीला रक्त कमी मिळतं, ऑक्सिजनअभावी किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशी मरतात. भरपूर रक्तस्राव झालेल्या पेशंटमध्ये हे बऱ्याच अंशी खरंही आहे. पण सेप्सिसमध्ये हा हिशेब जुळत नव्हता, कारण बीपी फारसं न पडलेल्या माणसांच्याही किडन्या बसत होत्या. मेलबर्नच्या संशोधकांनी मेंढ्यांच्या रक्तात जिवंत ई. कोलाय सोडून किडनीचा रक्तप्रवाह थेट मोजला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात प्रवाह कमी होण्याऐवजी चांगलाच वाढलेला आढळला, आणि त्याच वेळी किडनीची गाळण्याची क्षमता मात्र घसरत गेली. माणसांमध्ये चित्र इतकं एकसारखं नाही. एमआरआयने मोजल्यावर काही पेशंटमध्ये किडनीकडे जाणारा रक्ताचा वाटा घटलेलाही दिसला. पण ‘रक्त कमी पडलं म्हणून किडनी गेली’ हे एकच स्पष्टीकरण पुरेसं नाही, हे त्या मेंढ्यांनी पक्कं केलं. तुमच्या डॉपलरच्या रिपोर्टमध्ये दिसलेला विरोधाभास हाच आहे.

डॉपलर मोठ्या रक्तवाहिन्या दाखवतो. पेशींचा संसार चालतो केशवाहिन्यांवर, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांवर, आणि त्या डॉपलरला दिसत नाहीत. कालव्याला भरून पाणी सुटलेलं असावं आणि टेलच्या शेतकऱ्याचं रान तरीही कोरडं राहावं, तसा हा प्रकार आहे. दोन्ही किडन्या मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा ते चौथा हिस्सा त्यांच्याकडे जातो. एवढ्या श्रीमंतीतही आतली वाटणी विषम असते. बाहेरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, ऑक्सिजनचा दाब साधारण ५० मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो. आतल्या गाभ्यात, मेड्युलात, तो एरवी निरोगी माणसातही १० ते २० मिलिमीटरच असतो. म्हणजे गाभ्यातल्या नलिका रोजच काठावर जगत असतात.

सेप्सिसमध्ये या शेवटच्या टप्प्यात बिघाड होतो. केशवाहिन्यांच्या आतून साखर आणि प्रथिनांचा एक मऊ थर असतो, ग्लायकोकॅलिक्स. तो आहे तोवर पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटत नाहीत आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपत नाही. सेप्सिसच्या पहिल्या काही तासांत हा थर सोलून निघू लागतो. त्याचे तुकडे, उदाहरणार्थ सिंडेकॅन-१, रक्तात मोजता येतात. थर गेला की भिंतीवरचे चिकट रेणू उघडे पडतात, पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि बारीक गुठळ्या होऊ लागतात. लाल पेशींचाही लवचिकपणा कमी होतो, त्यामुळे त्या अरुंद वाटेतून सहज सरकत नाहीत. मग काही केशवाहिन्यांतून रक्त भरधाव जातं, काहींत थबकत थबकत जातं, काहींत ठप्प होतं. एकूण प्रवाहाचा आकडा चांगला येतो आणि शेजारशेजारच्या दोन नलिकांपैकी एकीला भरपूर ऑक्सिजन, तर दुसरीला जवळपास काहीच नाही, अशी अवस्था होते. त्यात भिंतींतून झिरपलेलं पाणी किडनीच्या आत साचतं. किडनीभोवतीचं आवरण घट्ट असतं, ते फारसं ताणत नाही. आतला दाब वाढतो आणि उरल्यासुरल्या केशवाहिन्याही दाबल्या जातात. सलाईन गरजेपेक्षा जास्त गेलं की हा प्रकार आणखी बिघडतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

ही झाली एक बाजू. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी, कारण ती थेट नलिकेच्या पेशीत घडते. ई. कोलायच्या बाहेरच्या कवचात लायपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो, त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. त्यातला लिपिड-ए हा भाग खरा विषारी. अँटिबायोटिकने जंतू फुटले तरी हे तुकडे काही काळ रक्तात फिरत राहतात. आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर असतो, तो नेमका हाच रेणू ओळखतो. १९९८ साली हे उलगडलं, आणि ज्यांनी ते उलगडलं त्या ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. संरक्षक पेशींवर टीएलआर-४ असणं ओघानेच आलं. पण तो किडनीच्या नलिकांच्या पेशींवरही असतो, आणि इथून गोष्ट वेगळी वळते.

किडनीची गाळणी, म्हणजे ग्लोमेरुलस, रक्त गाळते तेव्हा या विषाचा काही भागही गाळला जातो आणि पुढच्या नलिकेत, प्रॉक्झिमल ट्युब्युलमध्ये, येतो. या नलिकेचं कामच आलेल्या गोष्टी परत शोषून घेणं. गाळून आलेलं सुमारे दोन तृतीयांश मीठ-पाणी, सगळी साखर आणि चुकून गाळली गेलेली प्रथिनं ती परत घेते. त्यासाठी तिच्या आतल्या बाजूला ब्रशसारखी दाट लव असते. २०११ साली इंडियानातल्या संशोधकांनी चमकणारा रंग लावलेलं एंडोटॉक्सिन प्राण्यांना देऊन जिवंत किडनीत ते कुठे जातं हे टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. नलिकेच्या अगदी पहिल्या भागातल्या, एस-१ मधल्या, पेशी टीएलआर-४ च्या मदतीने ते विष गिळत होत्या. अपेक्षा अशी की मार त्यांनाच बसावा. प्रत्यक्षात त्या पेशी बऱ्यापैकी शाबूत राहिल्या. त्यांनी हीम ऑक्सिजनेज-१ सारखी स्वतःच्या बचावाची प्रथिनं झपाट्याने वाढवली होती. ऑक्सिडेटिव्ह मार, म्हणजे ऑक्सिजनच्या जहाल रेणूंनी केलेली इजा, दिसली ती त्यापुढच्या भागात, एस-२ मध्ये, ज्याने ते विष फारसं घेतलंच नव्हतं. पहिल्या भागाने विष पकडलं, धोक्याचा इशारा दिला, आणि त्या इशाऱ्याने, ज्यात टीएनएफ-अल्फा हा रेणू आहे, पुढच्या पेशी होरपळल्या.

हे वाचलं तेव्हा सेप्सिसकडे पाहण्याची माझी नजर बदलली. नलिकेच्या पेशींना आपण आजवर निव्वळ बळी समजत होतो. त्या स्वतः धोका हुंगतात, इतरांना सावध करतात आणि दाह पेटवण्यातही भाग घेतात. रक्तातून येणारे टीएनएफ आणि इंटरल्युकिन हे दाहाचे रेणू, गाळून आलेलं विष आणि शेजारच्या पेशींचे इशारे, असा तिहेरी मारा एकाच नलिकेवर होतो. शिवाय मेलेल्या पेशींमधून बाहेर पडणारे हिस्टोन ही केंद्रकातली प्रथिनं आणि मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा, डीएनए हेही त्याच रिसेप्टरांच्या घराण्याला चेतवतात. म्हणून जंतू मेल्यानंतरही दाह काही दिवस धुमसत राहतो. कल्चर निगेटिव्ह आलं तरी क्रिएटिनिन का वाढतंय, असं नातेवाईक विचारतात, त्याचं एक कारण हे.

आता पेशीच्या आत जाऊ. मीठ परत शोषण्यासाठी प्रॉक्झिमल ट्युब्युलच्या पेशींना सोडियम-पोटॅशियम पंप अखंड चालवावा लागतो. किडनी वापरते त्यातला बहुतांश ऑक्सिजन याच मीठ ओढण्याच्या कामावर खर्च होतो. म्हणून या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात, आणि त्यांचं मुख्य इंधन साखर नसून चरबी, म्हणजे फॅटी अ‍ॅसिड, असतं. ऑक्सिजनशिवाय साखर जाळून भागवण्याची त्यांची ऐपत फार थोडी.

दाहाच्या इशाऱ्यांनी या पेशींत आणि आसपास नायट्रिक ऑक्साइड मोठ्या प्रमाणात तयार होतं. ते मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीच्या शेवटच्या कडीला, कॉम्प्लेक्स-४ ला, अडवतं. साखळी तुंबली की इलेक्ट्रॉन मध्येच गळतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मिळून पेरॉक्सिनायट्राइट होतं, ते प्रथिनं आणि पडदे जाळतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे मायटोकॉन्ड्रिया फुगलेले दिसतात, आतल्या घड्या मोडलेल्या असतात. म्हणजे ऑक्सिजन दारापर्यंत आला तरी पेशीला तो वापरता येत नाही. नुसतं बीपी वाढवून आणि ऑक्सिजन देऊन किडनी का सुरू होत नाही, याचं उत्तर इथे आहे.

पेशी मग दोन गोष्टी करतात. बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया पोटात घालून विरघळवतात, याला मायटोफॅजी म्हणतात. आणि चरबी जाळणं कमी करून साखरेवर गुजराण करू लागतात. ही तडजोड तात्पुरती जीव वाचवते, पण त्यात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, अगदी कमी मिळतं. तेवढ्यात सगळी कामं होणं शक्य नसतं, म्हणून पेशी खर्चाला कात्री लावते. मीठ ओढणं मंदावतं. प्रथिनं परत घेणारा मेगॅलिन रिसेप्टर कमी होतो. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असलेले सोडियम पंप जागा सोडून इतरत्र भरकटतात. ब्रशसारखी लव गळते आणि शेजारच्या पेशींमधले सांधे सैल होतात, त्यातून गाळलेलं पाणी परत आत झिरपतं. पेशी विभाजनही थांबवते, आणि त्या थांबण्याशी जोडलेली टिंप-२ आणि आयजीएफबीपी-७ ही दोन प्रथिनं लघवीत उतरतात. क्रिएटिनिन वाढण्याआधीच धोका सांगणारी यावरची चाचणी २०१४ साली अमेरिकेत मंजूर झाली. आपल्याकडच्या बहुतेक आयसीयूंमध्ये ती अजून रोजच्या वापरात नाही.

आता लघवी का थांबते ते पाहू. १९७६ साली थुराउ आणि बॉयलन या दोघा शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी यावर एक विलक्षण युक्तिवाद मांडला. निरोगी किडनी मिनिटाला सुमारे १२५ मिलीलिटर पाणी गाळते, दिवसाला १८० लिटर. त्यातलं ९९ टक्के नलिका परत घेतात. समजा नलिका निकामी झाल्या आणि गाळणी तशीच चालू राहिली, तर शरीरातला सगळा प्लाझ्मा, म्हणजे साधारण ३ लिटर, २४ मिनिटांत लघवीवाटे निघून जाईल. माणूस तासाभरात दगावेल. तसं होऊ नये याची सोय किडनीतच आहे. नलिका पुढे जाऊन आपल्याच गाळणीला येऊन भिडते, तिथे मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशी क्लोराइड किती येतंय ते तपासत असतात. मागच्या पेशींनी मीठ घेतलं नाही की इथे क्लोराइड जास्त पोचतं, अ‍ॅडेनोसिन सुटतं, आणि गाळणीकडे येणारी बारीक धमनी आवळली जाते. गाळणं कमी, लघवी कमी. सेप्सिसमध्ये गाळणीतून बाहेर जाणारी धमनी सैल पडूनही आतला दाब उतरतो, आणि दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात. लघवी थांबणं हा घरच्यांना किडनीचा शेवट वाटतो. पेशींच्या बाजूने पाहिलं तर ती शरीराला वाचवणारी माघारही आहे. हा सगळा आजार म्हणजे पेशींनी ठरवून घेतलेली माघार, असं काही तज्ज्ञ ठामपणे मांडतात. मी तितकं टोकाला जाणार नाही, कारण ही माघार लांबली की नुकसान खरंच होतं.

पेशी मरतात त्याचं काय? मरतात, पण विखुरलेल्या. सेंट लुइसमधल्या डॉक्टरांनी सेप्सिसने दगावलेल्या पेशंटच्या किडनीचे नमुने मृत्यूनंतर अगदी थोड्या वेळात घेतले आणि २०१३ साली निष्कर्ष मांडले. शेवटच्या दिवसांत ज्यांची किडनी पूर्ण बसली होती, त्यांच्याही नलिकांमध्ये मार जागोजागी, तुकड्यातुकड्यांत होता. बहुतेक पेशी जवळजवळ नेहमीसारख्या दिसत होत्या. पॅरिसच्या एका अभ्यासात याहून जास्त पेशीमृत्यू आढळला, तेव्हा पेशंटगणिक फरक असणारच. मरण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या असतात. काही पेशी गुपचूप आटपतात, ती अ‍ॅपॉप्टोसिस. काहींच्या आत विष पोचलं की गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिन पडद्याला भोकं पाडतं आणि पेशी फुटते, आतला दाहक माल आसपास सांडतो. लोहामुळे पडद्यातली चरबी जळून येणारा मृत्यू आणखी वेगळा. औषध शोधणाऱ्यांसाठी हे प्रकार महत्त्वाचे आहेत, पण बिछान्याजवळ आज त्यावर देण्यासारखं सिद्ध औषध नाही.

बिछान्याजवळ पेशींची खबर हवी असेल तर सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे ताजी लघवी आणि साधा सूक्ष्मदर्शक. लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, तळाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा. नलिकेला मार बसला असेल तर मातकट तपकिरी, जाडसर दाण्यांच्या नळकांड्या दिसतात. गळालेल्या पेशी, त्यांचे तुकडे आणि युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन मिळून नलिकेच्या आतच हा साचा तयार होतो आणि लघवीबरोबर वाहून येतो. मधूनच एखादी सुटी, गोल, मोठ्या केंद्रकाची नलिकापेशी दिसते. अशा नळकांड्या भरपूर असतील तर बरं व्हायला वेळ लागणार हे घरच्यांना आधीच सांगता येतं. काहीच नसतील, तर पाणी कमी पडलंय का किंवा कुठे अडथळा आहे का, हे पुन्हा तपासावं लागतं. लॅबच्या छापील रिपोर्टवर विसंबण्यापेक्षा नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे किडनीच्या डॉक्टरने, हे स्वतः पाहावं, असा माझा आग्रह असतो.

क्रिएटिनिनबद्दलही थोडं. ते उशिरा बोलतं. गाळणी आज अर्ध्यावर आली तरी रक्तात क्रिएटिनिन साचायला एक-दोन दिवस जातात. त्यात सेप्सिसमध्ये स्नायूंकडून क्रिएटिनिन तयार होणंच कमी होतं, आणि सलाईनने रक्त पातळ होतं ते वेगळंच. म्हणून ०.९ चं १.३ झालं तर ‘अजून नॉर्मलच्या जवळच आहे’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. ४८ तासांत ०.३ ची वाढ, किंवा सलग ६ तास वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्ध्या मिलीलिटरपेक्षा कमी लघवी, एवढ्यावर किडनीला इजा झाल्याचं धरतात. ६० किलोच्या माणसासाठी हे तासाला ३० मिलीलिटर झालं. आयसीयूतली सिस्टर युरोबॅगमधली लघवी तासातासाला का लिहून ठेवते, ते यावरून कळेल. तुमच्या आईची किडनी तिसऱ्या दिवशी बसली नाही. बहुधा पहिल्या रात्रीच ती मंदावली होती, आकडा तिसऱ्या दिवशी बोलला.

मग उपचारात काय करायचं? पेशींपर्यंत पोचणारं खास औषध नाही, पण पेशींवरचा मारा थांबवता येतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे योग्य अँटिबायोटिक लवकर देणं, शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळलं असेल तेव्हा, तर पहिल्या तासातच. तितकंच महत्त्वाचं म्हणजे पू किंवा तुंबलेली लघवी मोकळी करणं. मूतखड्यामागे लघवी अडून सडत असेल तर डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून नळी टाकायला सकाळची वाट पाहू नये. आतून विषाचा झरा वाहता ठेवून कितीही भारी अँटिबायोटिक दिलं तरी एस-१ मधल्या पेशींना उसंत मिळत नाही.

सलाईन सुरुवातीला हवंच, पण बीपी सावरल्यावर हात आखडता घ्यावा. ‘लघवी होत नाही, अजून दोन बाटल्या चढवा’ ही सवय मला फार घातक वाटते. लघवी कमी असण्याचं कारण पाण्याची कमतरता नसेल, तर ते पाणी फुप्फुसांत आणि त्या घट्ट आवरणाच्या किडनीत साचतं. नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइड जास्त असतं, म्हणून बरेच डॉक्टर आरएलसारखं (रिंगर लॅक्टेट) संतुलित द्रव पसंत करतात. २०१८ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात त्याचा किडनीला थोडा फायदा दिसला, नंतरच्या अभ्यासांत तो तितका स्पष्ट राहिला नाही. मी आरएलच निवडतो, पण खरा फरक पडतो तो द्रव कोणता यापेक्षा किती दिला यावर.

नॉरअ‍ॅड्रेनलिनने किडनी गेली का, हा प्रश्नही नेहमी येतो. मेंढ्यांमध्ये या औषधाने बीपी सावरलं तरी मेड्युलातला ऑक्सिजन आणखी घसरलेला दिसला आहे, हे खरं. पण शॉकमध्ये ते दिलं नाही तर माणूस जातो, तेव्हा त्याला दोष देऊ नका. सरासरी बीपी साधारण ६५ च्या वर ठेवणं बहुतेकांना पुरतं. जुनं ब्लडप्रेशर असलेल्यांना थोडं जास्त ठेवल्यास डायलिसिसची गरज कमी पडते, असं २०१४ च्या एका फ्रेंच अभ्यासात दिसलं, जीव मात्र त्यामुळे जास्त वाचले नाहीत.

लासिक्सने लघवी वाढते, पेशी बऱ्या होत नाहीत. अंगात पाणी साचलं असेल तर ते वापरावं, किडनी ‘चालू’ करण्यासाठी नाही. किडनीसाठी म्हणून थोडं डोपामिन देण्याची पद्धत २००० सालच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत निरुपयोगी ठरली. वेदनाशामक डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं या काळात कटाक्षाने टाळावीत, ती गाळणीकडे येणारी धमनी आणखी आवळतात. अ‍ॅमिकासिन हे अँटिबायोटिक मेगॅलिनच्याच वाटेने त्याच नलिकापेशींत शिरून साठतं. पर्याय नसेल तेव्हा ते वापरावं लागतं, पण मग मोजून आणि थोडेच दिवस. डायलिसिस लवकर सुरू केल्याने फायदा होतो का, हे तीन-चार मोठ्या चाचण्यांत तपासलं गेलं, त्यातली सगळ्यात मोठी २०२० ची. पोटॅशियम, आम्लता, पाणी किंवा युरियाचा त्रास हाताबाहेर जात नसेल तर थांबलेलं बरं, असा त्यांचा सूर आहे. डॉक्टर ‘आज नको, उद्या बघू’ म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका.

आपल्या भागासाठी एक वेगळी नोंद करायलाच हवी. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत ताप, कावीळ आणि किडनीचा त्रास घेऊन येणारा पेशंट लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने याची मोठी साथ पाहिली. इथे जंतू खरोखर किडनीत मुक्काम करतो. त्याच्या बाहेरच्या आवरणातली प्रथिनं नलिकांमधले मीठ परत घेणारे मार्ग अडवतात. त्यामुळे किडनी बसलेली असूनही बऱ्याचदा लघवी भरपूर होते आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी घसरतं. क्रिएटिनिन चढतंय पण पोटॅशियम कमी आहे, असा रिपोर्ट पावसाळ्यात हातात आला की लेप्टोचं निदान पक्कं होण्याची वाट न पाहता पेनिसिलिन, सेफ्ट्रिॲक्सोन किंवा डॉक्सिसायक्लिन सुरू करावं.

शेवटी, किडनी परत येईल का? सेप्सिसमधून जीव वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं डायलिसिस सुटतं. एकदा डायलिसिस लागलं म्हणजे जन्माचं लागलं, ही भीती या आजारात बहुतेकदा खरी ठरत नाही. जिवंत राहिलेल्या नलिकापेशी आधी आपली खास वैशिष्ट्यं सोडतात, चपट्या होतात, पसरून उघड्या पडलेल्या जागा झाकतात आणि मग विभागू लागतात. पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन नवे मायटोकॉन्ड्रिया घडवतं. दाह चढत असताना ते घसरतं, उतरताना परत वाढतं, आणि ते नसलेल्या उंदरांची किडनी नीट सावरत नाही. सावरण्याच्या काळात गाळणी आधी उघडते, नलिकांना मीठ-पाणी ओढण्याची ताकद मागाहून येते. म्हणून काही दिवस लघवी बादलीभर होऊ शकते. तेव्हा पाणी आणि पोटॅशियम भरून काढावं लागतं.

सगळ्या पेशी मात्र नीट परत येत नाहीत. काही विभाजनाच्या अर्ध्यात अडकतात आणि आसपास जाळीदार तंतू वाढवणारे रेणू सोडत राहतात. काही केशवाहिन्या कायमच्या मिटतात. मधुमेह आधीपासून असेल तर हा धोका जास्त, आणि तुमच्या आईच्या बाबतीत मला काळजी याचीच आहे. घरी सोडताना साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचे डोस किडनीच्या हिशेबाने पुन्हा ठरवून घ्या. दुखण्यावर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी नक्की करा. आयसीयूतून आलेल्या माणसाचे स्नायू झडलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन खोटंच चांगलं येऊ शकतं. आई फार वाळलेल्या दिसत असतील तर त्याच वेळी सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करून घ्या. ते स्नायूंवर अवलंबून नसतं, त्यामुळे किडनी खरोखर किती परत आली याचा अंदाज त्यावरून चांगला येतो.